१० बाय ११ च्या बेडरूममध्ये फार्महाऊस: काय घ्यायचं, काय सोडायचं

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. कांदिवलीत सातव्या मजल्यावर स्वतःचा टू बीएचके. बेडरूम १० बाय ११ फूट, खिडकी पश्चिमेला, एका भिंतीपलीकडे बाथरूम. पाच वर्षांची मुलगी अजून तुमच्याच खोलीत झोपते. अमेरिकन फार्महाऊस पद्धतीचे फोटो पाहून तुम्हाला चार गोष्टी हव्या आहेत: पांढऱ्या आडव्या फळ्यांची भिंत, छताला लाकडी तुळया, बाथरूमला रुळावरून सरकणारा दरवाजा आणि लोखंडी पलंग. बजेट २ लाख. सुतार म्हणतो, लाकडाच्या डिझाइनचं लॅमिनेट मारू, तसंच दिसेल. मिस्टर म्हणतात, कर्जतच्या रिसॉर्टची खोली होईल. आणि सगळ्यात शेवटी, कंसात, तुम्ही विचारलंय की सासूबाईंचं जुनं सागवानी कपाट पांढरं रंगवावं की कुणाला देऊन टाकावं.

मला तो कंसातला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. त्याच्याकडे येतेच.

मी उपनगरातल्या फ्लॅटची कामं बरीच वर्षं करते आहे आणि हे फोटो घेऊन येणारी कुटुंबं आता दर महिन्याला भेटतात. अडचण बहुतेकांची एकच असते. ही शैली ज्या घरांतून आली त्या घरांना पोटमाळा असतो, तळघर असतं, अंगणापलीकडे कोठार असतं. सामान तिकडे जातं. म्हणून झोपायच्या खोलीत पलंग, एखादं टेबल, एक खुर्ची आणि मोकळी भिंत एवढंच उरतं. फोटोत आपल्याला जे आवडतं ते निम्म्याहून जास्त हे मोकळेपण असतं, पण आपण खरेदीला निघतो ते फळ्या आणि दरवाजे घ्यायला. कांदिवलीच्या बेडरूममध्ये बॅगा असतात, पाहुण्यांच्या गाद्या असतात, इस्त्रीचं टेबल असतं, मुलीची खेळणी असतात आणि कपाटावर गणपतीच्या मखराचं खोकं असतं. हे सगळं तसंच ठेवून मागे पांढऱ्या फळ्या ठोकल्या तर खोली आणखी भरल्यासारखी दिसते. तेव्हा माझ्या हिशेबात तुमच्या खोलीचा पहिला प्रश्न सामानाचा आहे, दुसरा ओलीचा, आणि दिसण्याचा त्यानंतर.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या आधीच सांगते. फ्लॅट तुमचा आहे म्हणून मी भिंतीला काही ठोकायला सांगते आहे. अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनी रंग, पडदे आणि दिवे यावरच थांबावं. तुमच्या पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून तडे आहेत का, सोसायटीने बाहेरचं प्लास्टर आणि रंग अलीकडे करून घेतलंय का, बाथरूमच्या भिंतीला खाली पोपडे येतात का, हे मला इथून दिसत नाही. तुमच्या उत्तरावर पुढचं थोडं बदलेल.

आता फळ्यांची भिंत. मूळ फळ्यांच्या कडांना पायरीसारखी खाच असते, एकीची कड दुसरीवर चढते. कोठारं, शेड, होड्या यांच्या बाहेरच्या अंगाला पाणी आत येऊ नये म्हणून ही रचना. टेक्सासकडच्या जुन्या घरांत अशाच फळ्या आतून भिंतीला असायच्या, पण त्या दाखवण्यासाठी नव्हत्या. त्यांच्यावर पातळ कापड ताणून वर वॉलपेपर चिकटवायचे. पुढच्या पिढ्यांनी वॉलपेपर ओरबाडला आणि खालच्या फळ्या आवडल्या म्हणून तशाच ठेवल्या. आपल्याकडे भिंत विटांची किंवा काँक्रीटची असते, त्यामुळे फळी हा फक्त वरचा पोशाख राहतो. पोशाख घालायला हरकत नाही, पण आतलं अंग कोरडं हवं.

मुंबईत जून ते सप्टेंबरमध्ये २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर तिरका येतो. सगळ्यात जास्त मार खाते ती पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत. तिच्यावर आतून फळ्या लावल्या की येणारी ओल फळीमागे कोंडते, मागे बुरशी धरते, आणि तुम्हाला ते कळतं वासावरून, तेही दोन पावसाळ्यांनी. तीच गोष्ट बाथरूमच्या भिंतीची; नळाचा एखादा जोड झिरपत असला तर फळी तो लपवते. म्हणजे तुमच्या चार भिंतींपैकी दोन इथेच बाद झाल्या. तिसऱ्या भिंतीला हॉलचा दरवाजा आहे आणि कपाट तिथेच बसणार. उरली पलंगाच्या डोक्याची, दुसऱ्या बेडरूमला लागून असलेली आतली भिंत. फळ्या लागल्याच तर तिथे.

त्याही पूर्ण उंचीच्या नकोत आणि आडव्या नकोत. आडव्या फळीची प्रत्येक फट म्हणजे धुळीसाठी एक फडताळ. कांदिवलीत रस्त्याकडच्या खिडकीतून येणारी धूळ रोज त्या वीस-बावीस फटींतून पुसायला बाईंना सांगून बघा. उभ्या पट्ट्यांवर धूळ टिकत नाही, आणि नऊ-सव्वानऊ फुटांच्या छताला उभी रेघ उंचीही देते. मी तुमच्या जागी असते तर जमिनीपासून ४ फुटांपर्यंत उभ्या पट्ट्या घेतल्या असत्या, वर साडेतीन-चार इंचांची अरुंद फळी, आणि फळीच्या वर साधी रंगवलेली भिंत. हीच पलंगाची पाठ होते. वेगळा हेडबोर्ड लागत नाही, त्याचे पैसे वाचतात आणि तीन-चार इंच जागाही वाचते. या खोलीत तीन इंच म्हणजे थोडे नाहीत.

साहित्य कुठलं? फोटोतल्यासारखं पाइनचं खरं लाकूड घ्यावंसं वाटेल. लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. मे महिन्यात एसी लावून सुकलेली सहा इंची फळी ऑगस्टमध्ये रुंदीत एक-दीड मिलिमीटर फुगू शकते, कधी थोडी जास्तच. फटी ठेवल्या नसतील तर पट्ट्या एकमेकींना ढकलून मधूनच उचलल्या जातात. शिवाय रंगवायचंच आहे तर आतला दाणा दिसणारही नाही. म्हणून रंगाखाली ९ मिलिमीटरचं चांगलं प्लाय घ्या. आयएस ७१० हा मरीन प्लायचा क्रमांक, आयएस ३०३ हा नेहमीच्या कमर्शियल प्लायचा. प्रत्येक शीटवर तो छापलेला असतो. सुताराने 'वॉटरप्रूफ आहे ना' म्हटलं तरी शिक्का स्वतः बघा. साधा एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) मात्र नको, खालच्या कडेला फरशी पुसताना पाणी लागलं की पावासारखा फुगतो.

हिशेबही सोपा आहे. भिंत १० फूट म्हणजे १२० इंच, सहा-सहा इंचांच्या २० पट्ट्या. ८ बाय ४ च्या एका शीटमधून चार फुटी पट्ट्या साधारण १५-१६ निघतात, करवतीचा घास धरून. म्हणजे दोन शीट आणल्या की पट्ट्या, वरची फळी आणि थोडा उरलेला तुकडा, सगळं भागतं. कुणी चार-पाच शीटचं कोटेशन दिलं तर बाकीच्या कुठे जाणार ते विचारा. पट्ट्या थेट भिंतीला चिकटवू नका. आधी भिंतीवर पाऊण इंची आडव्या रिपा (बारीक लाकडी काठ्या) मारायच्या, त्यांच्यावर पट्ट्या, दोन पट्ट्यांत २ मिलिमीटरची फट. रिपांमध्ये मधून मधून थोडी मोकळी जागा सोडा आणि वरच्या फळीखाली बारीक फट ठेवा, म्हणजे मागची हवा खालून वर फिरेल. आणि पट्ट्यांच्या मागच्या बाजूला, कडांनासुद्धा, लावण्याआधी प्रायमरचा एक हात. हे मागचं प्रायमर जवळजवळ कुठलाच सुतार स्वतःहून करत नाही, कारण ते दिसत नाही. उभं राहून करून घ्या.

छताच्या तुळया सोडून द्या. फोटोतल्या खोल्यांचं छत उतरतं असतं आणि मध्यभागी बारा-चौदा फूट उंच. तुमच्याकडे पाच इंची पोकळ तुळई लावली की ती पंख्याच्या पात्याच्या जवळ येते. पंखा लांब दांडीवर खाली घेतला तर पातं आणि जमीन यात निदान सात फूट तरी हवेत, आणि पलंगावर उभं राहून उड्या मारणारी मुलगी घरात आहे. शिवाय वरच्या मजल्याचं पाणी कधी झिरपलं तर त्या खोक्यात साचतं. छत पांढरं, सपाट. पैसे वाचले.

सरकता दरवाजाही सोडा, निदान बाथरूमसाठी तरी. कोठाराला तो होता कारण तिथलं दार गाडी आत जाईल इतकं मोठं. बिजागरीवर ते वाऱ्यात सांभाळणं आणि समोर बर्फ साचलं असताना उघडणं कठीण. बाथरूमचं अडीच फुटी दार सरकवायला शेजारी तितकीच, खरं तर दोन-तीन इंच जास्त, मोकळी भिंत लागते. तिथे हमखास स्विचबोर्ड असतो. आणि ते दार भिंतीपासून बोटभर लांब लटकतं, त्यामुळे वास, आवाज, एसीची गार हवा सगळं ये-जा करतं. रात्री दोनला कुणी फ्लश केला की मुलगी जागी. आहे ते दार भिंतीच्याच रंगात रंगवा आणि त्याला लोखंडी काळा हँडल लावा. पाहणाऱ्याचं लक्ष हँडलकडे जातं, दाराकडे नाही.

आता कपाट.

तुम्ही त्याचा फोटो टाकलेला नाही, पण वर्णनावरून (दोन पल्ले, आत खुंट्या, खाली रुंद खण, पितळी कड्या, सासूबाईंच्या सावंतवाडीच्या घरून आलेलं) मला ते ठेवण्याजोगं वाटतं. फार्महाऊस म्हणून बाजारात जे विकतात त्यात लाकूड मुद्दाम झिजवलेलं असतं, कडा घासून जुन्या केलेल्या असतात. तुमच्याकडे खरोखर झिजलेलं, खरोखर वापरलेलं सागवान आहे. ते देऊन टाकायचं आणि तसं दिसणारं नवीन विकत आणायचं, हा व्यवहार मला पटत नाही. आणि मिस्टरांच्या रिसॉर्टच्या भीतीवरही तेच उत्तर आहे. रिसॉर्टमध्ये सगळं एका दिवशी, एका दुकानातून आलेलं असतं. खोलीत घरची एक जुनी वस्तू असली की तसं वाटत नाही.

पांढरं रंगवू नका. सागवानाच्या अंगात तेल असतं. नीट तयारी न करता वर चढवलेला रंग काही वर्षांत सुटतो, आणि एकदा दाण्यात गेलेला पांढरा रंग परत पूर्ण निघत नाही. आधी एवढं करा: कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून कपाटाच्या मागच्या कोपऱ्यात चोळा. बोळा तपकिरी झाला आणि जागा चिकट झाली तर वर जुनं लाखेचं पॉलिश आहे. ते स्पिरिटनेच उतरतं, मशीन लावून निम्मं लाकूड खायची गरज नाही. काहीच झालं नाही तर वर मेलामाइन (कारखानी, कडक पॉलिश) किंवा तसलं काही आहे, ते पॉलिशवाल्याला घासून काढावं लागेल. कपाटावर कुणी मधल्या काळात ऑइल पेंट मारला असेल तर मात्र सावध. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे २०१६ साली निघाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल सांगता येत नाही. असा रंग घरात कोरडा घासू नका. मुलगी पाच वर्षांची आहे आणि ती धूळ सगळीकडे बसते. कपाट कारखान्यात पाठवून उतरवून घ्या.

लाकूड उघडं झालं की आतल्या कोपऱ्यांत आणि तळाशी बारीक भोकं आणि पिठासारखा भुगा आहे का बघा. जुनं पक्कं सागवान कीड सहसा खात नाही, पण मागची फळी आणि खणांचे तळ बरेचदा हलक्या लाकडाचे असतात, तिथे भुंगा लागतो. ते तेवढे बदलायचे. मग मॅट पॉलिश, चकचकीत नको. कुणी जवसाचं तेल सुचवेल, परदेशी व्हिडिओत सगळे तेच चोळताना दिसतात. इथल्या पावसाळ्यात ते नीट सुकत नाही, चिकट राहतं आणि त्यावर बुरशी येते. लावलंच कुणी, तर त्या तेलाच्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवून मग फेका.

या एका कपाटात तुमचं सामान मावणार नाही, हे मला माहीत आहे. म्हणून त्याच्या शेजारी छतापर्यंत नवीन कपाट करा, दोन फूट खोल, वर बंद लॉफ्ट. मखराचं खोकं, बॅगा, जाड पांघरुणं तिथे. आणि या नवीन कपाटासाठी सुताराचं लॅमिनेट मला चालेल. फक्त लाकडाच्या डिझाइनचं नको. त्या डिझाइनची तीच गाठ प्रत्येक शीटवर त्याच जागी येते आणि शेजारी खरं सागवान उभं असताना ती चोरी लगेच पकडली जाते. भिंतीच्या रंगाचं साधं मॅट ऑफ-व्हाइट घ्या, हँडल नको, खाच करून घ्या. नवीन कपाट भिंतीत विरघळलं पाहिजे आणि जुनं पुढे यायला पाहिजे. माझ्या मते सगळ्या खोलीचा डाव एवढाच आहे. बाकी गोष्टी त्याला मदत करणाऱ्या.

पलंगाचं माप आधी ठरवा. १० फुटी भिंतीला डोकं करून ५ फुटी पलंग ठेवला तर दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट राहतात. लांबीला साडेसहा फूट गेले, समोर साडेचार उरले, त्यात दोन फूट कपाट, म्हणजे मध्ये चालायला अडीच फूट. पल्ला उघडून उभं राहता येतं. ६ फुटी घेतला तर बाजूंना दोन-दोन फूट उरतात. चालतं, पण मुलीची गादी जमिनीवर अंथरायला जागा नाही. म्हणून ५ फुटी. तिघांची सोय कशी? पायांचा, जमिनीपासून १२-१३ इंच उंच पलंग घ्या आणि त्याच्या खाली चाकांवरची अडीच बाय सहाची गादी. रात्री बाहेर, सकाळी आत. एक बाजू रात्रीपुरती अडेल, त्याला इलाज नाही. हायड्रॉलिक बॉक्सचा पलंग सामानाला उत्तम, पण तो जमिनीवर ठोकळा होऊन बसतो आणि मुलीची सोय जाते. ती वेगळ्या खोलीत झोपत असती तर मी कदाचित उलटं सांगितलं असतं.

लोखंडी पलंग हवाच असेल तर फॅब्रिकेटरकडून चौकोनी पाइपचा साधा करून घ्या. फुलांची नक्षी नको. रेड ऑक्साइडच्या (लोखंडाच्या लाल प्रायमरच्या) हातावर ब्रशने मारलेला काळा रंग आपल्या खाऱ्या हवेत वेल्डिंगच्या जोडांपासून गंजायला लागतो, तेव्हा पावडर कोटिंग करून घ्या, आणि वेल्डिंग घासून गुळगुळीत केल्याशिवाय कोटिंगला पाठवू देऊ नका. बोल्टमध्ये नायलॉनचे वॉशर, नाहीतर कूस बदलली की आवाज. पाठ फळ्यांची असल्यामुळे डोक्याकडे उंच जाळी लागत नाही, तेवढं लोखंडही कमी.

रंगाबद्दल फार बोलत नाही, फक्त शुद्ध पांढरा घेऊ नका. पावसाळ्यात चार महिने खिडकीतून करडा उजेड येतो आणि त्यात निळसर पांढरा दवाखान्यासारखा दिसतो. किंचित पिवळसर झाक असलेले दोन-तीन ऑफ-व्हाइट निवडा, दोन फूट बाय दोन फुटांचे पट्टे भिंतीवर मारा, आणि सकाळी, संध्याकाळी पाचच्या पश्चिमेच्या उन्हात आणि रात्री दिव्यात बघा. फोटोतला चुन्याचा ढगाळ पोत आवडला असेल तर तो पुट्टी आणि प्लास्टिक पेंटवर धरत नाही, चुन्याला खनिज पृष्ठभाग लागतो. आपल्या जुन्या घरांत चुन्यात नीळ आणि डिंक घालून हात द्यायचे, तरी टेकून बसलं की पाठ पांढरी व्हायचीच. पलंगामागे तो नकोच.

दिवे मात्र फळ्या लावण्याआधी ठरवा, कारण वायर फळ्यांमागून जाणार. पलंगाच्या दोन्ही बाजूंना भिंतीवरचे छोटे पत्र्याच्या शेडचे दिवे. लोहार चाळीत असे ढिगाने मिळतात, पण पत्रा जाड आहे का ते बोटाने दाबून बघा. बल्ब २७०० ते ३००० केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा. स्विच पडल्या पडल्या हाताला येईल असा, गादीच्या वरच्या पातळीपासून साधारण सात-आठ इंच वर. ट्यूबलाइट काढू नका. वेगळ्या स्विचवर राहू दे. सुईत दोरा ओवायला, मुलीच्या पायातला काटा काढायला आणि कपाटातली काळी सलवार निळीपासून वेगळी ओळखायला ती लागते, फार्महाऊस असो नाहीतर राजवाडा.

कापडात मुंबईकर म्हणून आपण नशीबवान आहोत. फोटोतलं पोतदार, न रंगवलेलं सुती कापड म्हणजे आपलं मांजरपाट. मंगलदास मार्केटला जा, नाहीतर दादरला हिंदमाताला, आणि पडद्यासाठी तेच घ्या. खिडकीच्या रुंदीच्या दुपटीहून थोडं जास्त, रॉड चौकटीच्या अर्धा फूट वर, खाली जमिनीपर्यंत. शिवायच्या आधी एकदा धुऊन घ्या. कोरं सुती कापड आटतं, आणि तो आट शिवून झाल्यावर आला तर पडदे घोट्याच्या वर लटकतात. पश्चिमेची खिडकी असल्यामुळे मागे जाड अस्तर हवं, नाहीतर एप्रिलमध्ये खोली भट्टी होते.

पांघरुणाला परदेशी क्विल्ट मागवू नका. तुमच्याकडे गोधडी असेलच, नसली तर जुन्या सुती साड्यांची शिवून देणाऱ्या बायका अजून आहेत. पांढऱ्या फळ्यांपुढे धावदोऱ्याची मऊ गोधडी जे काम करते ते दुसरं काही करत नाही. पण दोन पातळ घ्या, एक जाड नको. जुलैत जाड गोधडी वाळत नाही आणि वास धरते. चौकड्यांची हौस सोलापुरी चादरीवर भागवा. घोंगडी हिवाळ्यात पायथ्याशी छान दिसते, पावसाळ्यात ती लॉफ्टमध्ये, कडुलिंबाचा पाला घालून. जमिनीवर ज्यूटचा गालिचा घालू नका, दमटपणात कुजतो. सुती सतरंजी घाला, मशीनमध्ये धुता येते.

भिंतीवर इंग्रजी अक्षरांच्या पाट्या, प्लास्टिकचा कापूस, बैलगाडीचं चाक, कंदिलात बल्ब: यातलं काहीही नको. मिस्टरांचं रिसॉर्ट इथूनच सुरू होतं. त्याऐवजी दाराशेजारी डोक्याच्या उंचीला एक लाकडी पट्टी आणि तिला पाच-सहा खुंट्या. अमेरिकेत शेकर पंथाच्या लोकांच्या घरांत अशा पट्ट्या भिंतभर असायच्या आणि ते खुर्च्यासुद्धा त्यांवर टांगायचे. आपल्याकडे कोकणातल्या घरांत खुंटी होतीच. मुलीचं दप्तर, ओढणी, टोपी तिथे गेली की खुर्चीच्या पाठीवरचा ढीग जातो. ही पट्टी जुन्या लाकडाची करायची असेल तर रे रोडच्या वखारी किंवा जोगेश्वरीचा ओशिवरा फर्निचर बाजार पालथा घाला. तुकडा घेताना खिळे मोजा, भुगा बघा, आणि पॅलेटचं (माल वाहायच्या लाकडी चौकटीचं) लाकूड असेल तर त्यावरचा शिक्का वाचा. एचटी म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, ते घ्या. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूने, ते झोपायच्या खोलीत आणू नका.

पैशांचं म्हणाल तर २ लाखांत हे बसू शकतं, पण क्रम पाळला तर. सगळ्यात आधी पश्चिमेच्या भिंतीची आणि बाथरूमची ओल, तिला २५-३० हजार बाजूला काढून ठेवा आणि लागले नाहीत तर आनंद माना. मग वायरिंग. मग नवीन कपाट आणि लॉफ्ट, बजेटचा सगळ्यात मोठा वाटा तिथे जाणार, जाऊ दे. मग जुन्या कपाटाचं पॉलिश, मग पलंग, मग फळ्या आणि रंग. पैसे संपत आले तर फळ्या गाळा, कपाटाचं पॉलिश गाळू नका. कापड आणि दिवे शेवटी, ते हप्त्याहप्त्याने आणता येतात. सुताराकडून कोटेशन घेताना प्लायचा आयएस क्रमांक, जाडी, लॅमिनेटचा शेड नंबर आणि बिजागऱ्यांचा प्रकार लिहून घ्या. 'बेस्ट क्वालिटी' एवढंच लिहिलेला कागद परत करा.

आणि वेळ. आत्ता मे संपत आलाय. भिंतीचं आणि रंगाचं काम आता सुरू करू नका. पुट्टी सुकणार नाही, प्लाय ओल घेईल आणि पेंटर घाई करेल. हा पावसाळा भिंती बघण्यात घालवा. जुलैच्या मध्यात, चार दिवस सलग पाऊस झाला की पलंगामागच्या भिंतीवर दोन फुटी प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने पक्का चिकटवा आणि दोन दिवसांनी काढून बघा. आतल्या बाजूला थेंब दिसले किंवा भिंत गडद झाली तर फळ्यांचा विचार सोडा. कोरडं निघालं तर ऑक्टोबरमध्ये सुताराला बोलवा. दिवाळीआधी संपवून देतो म्हणाला तर विश्वास ठेवू नका, त्या महिन्यात तो सगळ्यांनाच तसं सांगत असतो. तोपर्यंत कपाटाची स्पिरिटची परीक्षा करून, पुढचा आणि मागचा फोटो टाका. लाकूड आणि पॉलिश बघून पुढचं सांगते.